परदेशातून आलेला पैसा आणि वाटेतला बट्टा
(व्यवहारगणिताचा एक पाठ : विद्यार्थी, पालक व विश्वस्त यांच्यासाठी)




शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात कार्यालयासमोर फी भरणाऱ्या पालकांची रांग असते. गेल्या जूनमध्ये त्या रांगेतल्या एक ताई माझ्या खोलीत आल्या. त्यांच्याबरोबर नववीत शिकणारा मुलगा होता. ताईंच्या हातात पासबुक होते आणि मुलाच्या हातात वहीचे फाडलेले एक पान. ताई म्हणाल्या, "बाई, ह्यांनी मस्कतहून दोनशे रियाल पाठवले म्हणून फोनवर सांगितले. पोराने हिशेब केला तर ४६,८०० रुपये येतात. बँकेत मात्र ४५,७७० जमा झालेत. फीला आणि पुस्तकांना हजार रुपये कमी पडतात. पोरगा म्हणतो, गणित बरोबर आहे. मग ह्यांनीच कमी पाठवले की काय?"

मी मुलाचे पान पाहिले. गणित अगदी बरोबर होते. त्याने वर्तमानपत्रातला डॉलरचा भाव घेतला होता, त्यावरून रियालचा भाव काढला होता आणि गुणाकार केला होता. वडिलांनीही पूर्ण दोनशे रियाल दिले होते, त्याची पावती त्यांनी फोनवर पाठवली होती. कुणाचेच चुकले नव्हते, तरी १,०३० रुपये नाहीसे झाले होते. पैशांबरोबर घरातला विश्वासही थोडा कमी झाला होता. मुलाला आपले गणित कच्चे वाटू लागले होते आणि ताईंना आपल्या माणसाच्या बोलण्याची शंका येऊ लागली होती.

आपल्या शाळेत अशी घरे थोडी नाहीत. कुणाचे वडील आखातात आहेत, कुणाची आत्या अमेरिकेत आहे, कुणाचा भाऊ शिकायला जर्मनीला गेला आहे, तर कुणाच्या घरी परदेशी गिऱ्हाइकाचे काम चालते. म्हणून या अंकासाठी हा विषय निवडला. (वरील आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी पूर्णांकात घेतले आहेत. पुढच्या उदाहरणांतील भावही मानलेले आहेत, आजचे समजू नयेत.)

१. बट्टा : शहापूरला नवीन नसलेला शब्द

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे पैशाला 'मुद्रा' म्हणत, आणि 'चलन' म्हणजे रूढी, रिवाज. मराठीत शिकवू लागल्यावर मला 'चलन' हा शब्द फार आवडला. जे चालते ते चलन. पण एका गावात चालणारे नाणे दुसऱ्या गावात तसेच चालेल असे नाही, आणि बट्ट्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आज आपण कपिलेश्वर पुलावरून बेळगावात जातो तेव्हा हद्द ओलांडली असे कुणाला वाटत नाही. परंतु १९४८ पर्यंत शहापूर हे पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते आणि शेजारचे बेळगाव १८१८ पासून इंग्रजी अमलाखाली होते. ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान विलीन झाले तेव्हा ही हद्द पुसली गेली. त्याच्याही पूर्वीच्या काळात आपल्या भागात 'शहापुरी रुपया' या नावाचे नाणे चालत असे. त्या काळी दख्खनमध्ये अनेक टांकसाळींचे अनेक रुपये होते. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदीचा कस वेगळा. म्हणून बाजारात सराफ बसत. ते नाणे पारखत, वजन करीत आणि एक रुपया घेऊन दुसरा देताना काही कापून घेत. त्या कपातीला बट्टा म्हणत. आजही आपण नावाला बट्टा लागला असे म्हणतो.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरवला आणि हळूहळू बाकीची नाणी मागे पडली. तरी बट्टा लगेच संपला नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथे 'हाली सिक्का' चाले आणि इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत. सात हाली रुपयांना सहा कलदार, असा ढोबळ हिशेब तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असे.

दूरच्या गावी पैसे पाठवायचे तर हुंडी असे. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवशी पैसे मिळणारी ती मुदती हुंडी. हुंडीसाठी पेढीवाला जे घेई ती हुंडणावळ. पुढे देशादेशांमधल्या चलनाच्या भावालाही मराठी वर्तमानपत्रे हुंडणावळीचा दर म्हणू लागली.

२. पैसा प्रत्यक्ष प्रवास करीत नाही

मुलांना वाटते, मस्कतचे रियाल विमानात बसून बेळगावला येतात. तसे होत नाही. हुंडीत जसा कागद जाई आणि पेढ्या आपापसात खाते मिटवीत, तसेच आजही होते. एक बँक दुसऱ्या बँकेला निरोप पाठवते आणि दोघी आपापल्या खात्यांत नोंद करतात. असे निरोप नेण्यासाठी १९७३ साली बेल्जियममध्ये 'स्विफ्ट' ही संस्था स्थापन झाली. ही संस्था फक्त निरोप नेते, पैसे नेत नाही.

पाठवणारी बँक आणि आपली बँक यांची एकमेकींकडे खाती नसतील तर मध्ये तिसरी बँक येते. ती म्हणजे बाजारातल्या आडत्यासारखी. माल त्याच्या हातून गेला की तो आपली आडत काढून घेतो. त्यामुळे निघालेले हजार डॉलर पोहोचेपर्यंत ९८० होऊ शकतात.

तेव्हा वाटेत पैसे चार ठिकाणी कमी होतात :
(अ) पाठवणावळ : पाठवणारी बँक किंवा कंपनी घेते ते शुल्क. हे पावतीवर दिसते.
(आ) मधल्या बँकेची आडत : पाठवणाऱ्याच्या पावतीवर ही बहुधा दिसत नाही.
(इ) दरातला फरक : बाजाराचा भाव आणि आपल्याला दिलेला भाव यांतील अंतर. हे कोणत्याच पावतीवर 'शुल्क' म्हणून लिहिलेले नसते.
(ई) आपल्या बँकेचे शुल्क व जीएसटी : पासबुकात वेगळ्या ओळीत दिसते.

या चारांपैकी तिसरा फरक बहुतेक वेळा सर्वांत मोठा असतो आणि डोळ्यांना सर्वांत कमी दिसतो. या पाठाचे सार तेवढेच आहे : शुल्क किती हे विचारून थांबू नका, दर किती हे विचारा, आणि शेवटी हातात रुपये किती पडणार हे विचारा.

३. ताईंचे १,०३० रुपये कुठे गेले?

आता त्या मुलाचे गणित पुढे नेऊ.

पाठवलेले : २०० रियाल. बाजाराचा भाव : १ रियाल = २३४ रुपये. अपेक्षित रक्कम : २०० × २३४ = ४६,८०० रुपये.

मस्कतच्या दुकानदाराने शुल्क घेतले १ रियाल. उरले १९९. त्याने दर दिला २३० रुपये. म्हणून १९९ × २३० = ४५,७७० रुपये.

फरक १,०३० रुपये. त्यातले पावतीवर दिसणारे शुल्क एक रियाल, म्हणजे २३४ रुपये. बाकीचे ७९६ रुपये दरात गेले (१९९ × ४). वडिलांनी फक्त 'चार्ज किती' एवढेच विचारले होते. चार्ज खरोखरच थोडा होता!

मी हे फळ्यावर मांडले तेव्हा मुलाचा चेहरा उजळला. ताई काही बोलल्या नाहीत, पण बाहेर गेल्यावर त्यांनी मस्कतला फोन लावला.

आता दुसरे उदाहरण. अमेरिकेतून १,००० डॉलर यायचे आहेत. बाजाराचा भाव ९० रुपये माना.
पहिली कंपनी म्हणते, 'शुल्क शून्य!' तिचा दर ८८.२० रुपये. मिळाले ८८,२०० रुपये.
दुसरी कंपनी १० डॉलर शुल्क घेते. तिचा दर ८९.७० रुपये. ९९० × ८९.७० = ८८,८०३ रुपये.
शून्य शुल्कवाली कंपनी ६०३ रुपयांनी महाग पडली. फुकट म्हटले की आपण हिशेब करणे सोडतो. तिथेच हिशेबाची खरी गरज असते.

तिसरे उदाहरण बँकेमार्फत येणाऱ्या पैशाचे. तेच १,००० डॉलर. मधल्या बँकेने २० डॉलर कापले, उरले ९८०. आपल्या बँकेने दर दिला ८८.६५ रुपये, झाले ८६,८७७ रुपये. बँकेचे शुल्क २०० रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ रुपये. शिवाय चलन बदलून दिल्याबद्दलचा जीएसटी वेगळा. त्याचा नियम असा : बदललेली रक्कम एक लाखापर्यंत असेल तर तिचा १ टक्का (कमीत कमी २५० रुपये) ही सेवेची किंमत मानतात आणि तिच्यावर १८ टक्के कर लावतात. ८६,८७७ चा १ टक्का ८६८.७७, त्याचे १८ टक्के १५६.३८ रुपये. हे सगळे वजा जाता ८६,४८४.६२ रुपये हातात आले. नव्वद हजारांतून ३,५१५ रुपये गेले. यात सरकारी कर दोनशेच्याही आत आहे. लोक मात्र 'टॅक्स कापला' म्हणून मोकळे होतात.

४. खरा भाव कसा ओळखावा?

डॉलर, पौंड, युरो व येन यांचा रुपयातला संदर्भ दर कामाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो. पूर्वी तो रिझर्व्ह बँक काढीत असे. जुलै २०१८ पासून 'फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया' ही संस्था काढते. हा भाव आपल्याला मिळणार नाही, पण मिळालेला भाव त्यापासून किती दूर आहे हे मोजायला तो उपयोगी पडतो.

आखातातील बरीच चलने डॉलरला बांधलेली आहेत, त्यामुळे डॉलरचा भाव कळला की त्यांचा भाव घरीच काढता येतो. एक ओमानी रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर. एक डॉलर म्हणजे अमिरातीचे ३.६७२५ दिरहम किंवा सौदी अरेबियाचे ३.७५ रियाल. डॉलर ९० रुपये असेल तर ओमानी रियाल २३४ रुपये, दिरहम सुमारे २४.५१ रुपये आणि सौदी रियाल २४ रुपये. सातवी-आठवीच्या मुलांना हा हिशेब सहज जमेल. घरात तो त्यांनीच करावा.

एक गंमत विद्यार्थ्यांना सांगायला हवी. एकेकाळी मस्कत, बहारीन, दुबई या भागात आपला रुपयाच चालत असे. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्यांना 'आखाती रुपया' म्हणत आणि त्यांची किंमत आपल्या रुपयाइतकीच होती. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. त्या देशांनी एकेक करून आपली चलने सुरू केली. ओमानात मात्र आखाती रुपया १९७० पर्यंत टिकला.

दर थोडा हलला तरी कष्टकऱ्याच्या पदरात किती फरक पडतो, याचे जुने उदाहरणही आहे. रुपयाचा भाव १६ पेन्स ठेवावा की १८ पेन्स, यावर १९२० च्या दशकात देशभर वाद झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ सालचा. १९२७ मध्ये १८ पेन्स हा भाव कायद्याने ठरला. तेव्हा एका पौंडात २४० पेन्स असत. १६ च्या भावाने एका पौंडाचे १५ रुपये होत, १८ च्या भावाने १३ रुपये ५ आणे ४ पै. ज्याचा कापूस परदेशी जाई त्याला एकाच पौंडामागे दीड रुपयाहून अधिक कमी मिळू लागले. दोन पेन्सची गोष्ट लहान नव्हती.

५. पालकांनी काय करावे?

(१) चलन कुठे बदलते ते आधी समजून घ्या. आखातातील पैसे पाठवणाऱ्या दुकानांतून पैसे बहुधा तिथेच रुपयांत बदलून येतात, म्हणून दराची चौकशी तिथल्या माणसाने करायची. परदेशी बँकेतून डॉलर म्हणूनच पैसे आले तर ते आपली बँक बदलते. म्हणून तिच्या 'टी.टी. खरेदी दरा'ची चौकशी आपण करायची. रक्कम मोठी असेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटून चांगला दर मागावा. मागण्यात कमीपणा नाही. लग्नाचा बस्ता बांधताना आपण एवढी घासाघीस करतो, इथे का लाजावे?

(२) पाठवण्याच्या दिवशी निदान दोन ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : 'माझे एवढे रियाल घेऊन तुम्ही बेळगावच्या खात्यात नेमके किती रुपये जमा कराल?' ज्याचा आकडा मोठा तो आपला.

(३) बँकेच्या अर्जावर खर्च कुणी सोसायचा याची तीन खुणांपैकी एक निवडायची असते. ओ.यू.आर. म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, एस.एच.ए. म्हणजे दोघांनी आपापला, बी.ई.एन. म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. फीसारखी ठराविक रक्कम पोहोचायलाच हवी असेल तेव्हा पहिली खूण करावी.

(४) ठराविक शुल्क असेल तर लहान लहान रकमा पाठवू नयेत. ५०० रुपये शुल्क दहा हजारांवर ५ टक्के होते, पन्नास हजारांवर १ टक्का. घरखर्च अडत नसेल तर दोन महिन्यांचे एकदम मागवावे. दरातला फरक मात्र यामुळे कमी होत नाही. तो रकमेच्या प्रमाणातच राहतो.

(५) शनिवार-रविवार चलनबाजार बंद असतो. त्या दिवशी काही कंपन्या जोखीम धरून दर खाली ठेवतात. शक्यतो कामाच्या दिवशी पाठवावे.

(६) 'रुपया अजून पडेल, मग जास्त मिळतील' म्हणून फीचे पैसे अडवून धरू नयेत. भाव वर जाईल की खाली, हे कुणालाही ठाऊक नसते. वाटेतली कपात कमी करणे आपल्या हातात आहे, बाजार आपल्या हातात नाही.

(७) आपल्या भागात पुष्कळ घरांचे खाते सहकारी पतसंस्थेत असते. बचतीला ते ठीक आहे. परंतु परदेशी चलनाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँका व इतर परवानाधारकच करू शकतात. म्हणून परदेशाहून पैसे येणाऱ्या घराने अशा बँकेत एक खाते ठेवावे. नाव पासबुकात आहे तसेच, अक्षर न चुकवता कळवावे. भारतातल्या शाखेचा आय.एफ.एस.सी. क्रमांक अकरा अक्षरांचा असतो, स्विफ्ट क्रमांक आठ किंवा अकरा अक्षरांचा. दोन्ही वेगळे आहेत. चुकीच्या क्रमांकाने परत गेलेला पैसा दोनदा बट्टा देऊन येतो.

(८) गावी येणाऱ्या माणसाबरोबर रोख नोटा पाठवणे स्वस्त वाटते, पण नोटांचा खरेदी दर टी.टी. दरापेक्षा कमी असतो. शिवाय इथे राहणाऱ्या माणसाला २,००० डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या परदेशी नोटा घरात कायम ठेवता येत नाहीत.

(९) सिंगापूरला कुणी असेल तर आपले यूपीआय आणि तिथले 'पे-नाऊ' २१ फेब्रुवारी २०२३ पासून जोडलेले आहेत. आपली बँक त्यात आहे का ते विचारावे. अमेरिकेतील नातेवाइकांनी हेही ध्यानात ठेवावे की १ जानेवारी २०२६ पासून तिथे रोख रक्कम किंवा मनीऑर्डर देऊन परदेशी पैसे पाठवल्यास १ टक्का कर आहे. बँक खात्यातून पाठवल्यास तो नाही.

(१०) प्रत्येक वेळी पावती जपावी. ज्यांना परदेशी गिऱ्हाइकाकडून कामाचे पैसे येतात, मग ते यंत्रभागाचे असोत, साडीचे असोत किंवा संगणकाच्या कामाचे, त्यांनी बँकेकडून परकीय चलन मिळाल्याचा दाखला मागून घ्यावा आणि बिलावरच 'बँकेचा खर्च पाठवणाऱ्याचा' असे लिहावे. नाहीतर साडी विणणाऱ्याच्या मजुरीतूनच आडत जाते.

कपात समजली नाही तर बँकेला लेखी विचारावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

६. जास्त भाव देणारा 'ओळखीचा माणूस'

कुणीतरी भेटतो आणि सांगतो, 'बँकेत कशाला जाता? तिथे रियाल द्या, इथे घरपोच रुपये मिळतील, दरही जास्त.' जुनी हुंडी व्यापाऱ्याच्या पतीवर आणि वहीवर चालत असे. हा व्यवहार वहीशिवाय चालतो. याला हवाला म्हणतात आणि १ जून २००० पासून लागू असलेल्या परकीय चलन कायद्याने तो बेकायदेशीर आहे. पैसे बुडाले तर तक्रार कुठे करणार? उद्या घर घेताना 'पैसे कुठून आले' असे विचारले तर दाखवणार काय? बापाच्या घामाचा पैसा चोरवाटेने यावा, हे मला पटत नाही.

७. विश्वस्त मंडळींसाठी

आपले माजी विद्यार्थी जगभर आहेत. कुणी प्रयोगशाळेसाठी, कुणी ग्रंथालयासाठी देणगी देऊ इच्छितो. अशा वेळी 'किती देणार' याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे 'पासपोर्ट कोणत्या देशाचा?' परदेशात राहणारा पण भारताचा नागरिक असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी मात्र, तो शहापुरात जन्मलेला असला तरी, २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखाली येते. त्यासाठी संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागतात. 'माझ्या भावाच्या खात्यात पाठवतो, तो शाळेला देईल' ही पळवाट प्रेमापोटी सुचवली जाते. ती नम्रपणे नाकारावी. शाळेच्या नावाला बट्टा लागू नये.

८. शेवटी

लहान रकमा पाठवायला जगात सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो, असे जागतिक बँकेचे आकडे सांगतात. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांच्या खाली आणावा, असे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे. ते होईल तेव्हा होवो. आपल्या घरापुरते ते आजही करता येते.

त्या मुलाच्या वडिलांनी पुढच्या महिन्यात दोन दुकानांत विचारपूस केली. त्याच सोप्या आकड्यांत सांगायचे तर दुसऱ्या दुकानाने शुल्क तेवढेच घेतले, पण दर २३३ दिला. १९९ × २३३ = ४६,३६७ रुपये. म्हणजे ५९७ रुपये अधिक. वर्षभरात ७,१६४ रुपये. आता दर महिन्याला तो मुलगा आधी हिशेब करतो, मग वडिलांना फोनवर अपेक्षित आकडा सांगतो आणि पैसे आल्यावर पासबुकाशी ताडून पाहतो. ताई परवा शाळेत आल्या होत्या. हसत म्हणाल्या, "बाई, आता घरात हिशेबनीस झालाय."

आपल्याला बट्टा पूर्ण टाळता येणार नाही. जो सेवा देतो तो मोल घेणारच. पण किती गेले आणि कुठे गेले, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. मग कमी आलेल्या पैशांचा राग दूर राबणाऱ्या माणसावर निघत नाही.

स्वाध्याय

(वहीत सोडवून गणिताच्या शिक्षकांना दाखवा.)
१. डॉलरचा भाव ८७ रुपये असेल तर ओमानी रियाल व सौदी रियाल यांचे भाव काढा.
२. एका कंपनीचे शुल्क शून्य व दर ८९.१० रुपये, दुसरीचे शुल्क ५ डॉलर व दर ८९.८० रुपये. २०० डॉलर पाठवायचे असतील तर कोणती स्वस्त? १,००० डॉलर असतील तर?
३. ६०,००० रुपये किमतीचे चलन बँकेने बदलून दिले. त्यावरील जीएसटी किती?
४. सात हाली रुपयांना सहा कलदार, तर ३५० हाली रुपयांचे कलदार किती?
५. घरी आजी-आजोबांना विचारा : हुंडी, हुंडणावळ, बट्टा, कलदार, आडत यांपैकी कोणते शब्द त्यांनी ऐकले आहेत? त्यांच्या आठवणी दहा ओळींत लिहा.

आपली,
मुख्याध्यापिका